दर मे महिन्यात कुंपणभिंतीला तडा: भिंतीलगत कोणती झुडपं लावावी, कोणती नाही

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्या कुंपणाची भिंत तोंड उघडते. गेटपासून तिसऱ्या कॉलमपाशी एक तडा आहे, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या उतरत खाली येणारा. मे अखेरीस त्यात दहाचं नाणं उभं सरकतं. पोळ्याच्या सुमाराला त्याच जागी पोस्टकार्डही जात नाही. मग मिस्त्री येतो, तडा भरून गिलावा करतो, दिवाळीला रंग लागतो. होळी झाली की त्या रंगावर केसासारखी एक रेघ दिसायला लागते आणि आम्ही समजून जातो.

नागपुरात बेसा रोडच्या बाजूला लेआउटमधलं घर, भिंत साधारण तीस फूट, साडेचार इंची विटांची, मध्ये मध्ये कॉलम. पाया दोन फुटांचा. २०१९ पासून चार वर्षं हे चक्र चाललं. चौथ्या वर्षी मिस्त्रीच वैतागला. म्हणाला, "साहेब, पैसे तुम्ही देऊन राहिले, मी घेऊन राहिलो, पण माही भिंत नाही चुकली. जमीनच हालून राहिली."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. कारण गल्लीतल्या सगळ्यांचं निदान एकच होतं: झाडं. भिंतीला लागून चार अशोक होते, म्हणजे तो उंच, सरळसोट, लांब पानांचा, ज्याला आपण अशोक म्हणतो तो. पंधरा वर्षांचे, पंचवीस फूट. "मुळं पायात शिरली असतील," असं शेजारच्या काकांनी सांगितलं आणि मलाही ते पटलं.

मूळ भिंत ढकलतं की माती भिंत सोडते?

झाडं तोडण्याआधी एक काम मी बरं केलं, तड्याखाली खोदून पाहिलं. मे महिना, सकाळचे सात. सब्बल मारली की माती ढेकळांनी निघायची, विटेसारखी कडक. भिंतीपासून फूटभरावर जमिनीत एक भेग होती. त्यात आईच्या खराट्याची काडी सोडली, दीड फूट आत गेली आणि तरी तळ लागला नाही. पायाच्या दगडांशी पोचलो तेव्हा अशोकाची मुळं दिसली खरी, पण बोटाएवढी. ती दगडांना वळसा घालून खाली गेली होती. एकही दगड सरकलेला नव्हता. पायाखाली मात्र माती आणि दगड यांच्यात फट होती. त्या फटीत माझा तळहात आडवा जात होता.

मुळांनी भिंत ढकलली नव्हती. मुळांनी आणि उन्हानं मिळून खालची माती सुकवली होती, माती आकसली आणि भिंतीचा तेवढा तुकडा अधांतरी राहिला.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभावच तो. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या अगदी कडेला वसलंय. पश्चिम आणि दक्षिण भागात त्या खडकापासून झालेली काळी माती जागोजाग सापडते, पूर्वेकडं खालचा खडकच निराळा आहे. म्हणून पश्चिमेला बांधलेल्या मेहुण्याचा अनुभव पूर्वेकडच्या भावाला लागू पडेलच असं नाही. गंमत अशी की देशभरच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच अमरावती रोडवर आहे, आणि आपण घर बांधताना अंगणातली माती मुठीत घेऊनही बघत नाही.

वर आपलं हवामान. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. २०२४ च्या मे अखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. तो सेन्सरचा बिघाड होता असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं, पण त्या दिवशी बाहेर पडलेल्या माणसाला ५६ खोटे वाटले नसते. आणि मग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा जवळपास सगळा पाऊस. कोरडी ठणठणीत माती महिनाभरात चिखल होते. मोठ्या इमारती यातून सुटण्यासाठी साडेतीन-चार मीटर खोल जाणारे, खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत गाडलेले काँक्रीटचे खांब, घालतात. दोन फुटांच्या पायावरच्या कुंपणानं कुठं जावं?

माझी दुसरी चूक

इतकं पाहूनही मी अशोक काढलेच. रीतसर काढले. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते, ती महापालिकेच्या उद्यान विभागाकडून घ्यावी लागते. अर्ज, पाहणी, सगळं केलं. २०२२ च्या उन्हाळ्यात झाडं गेली. जुलैत त्या जागी 'उथळ मुळांची' झुडपं लावली: चार एक्झोरा, दोन जास्वंद, एक मोगरा आणि आईच्या आग्रहाची अबोली. भिंतीपासून एक फूट अंतर. नर्सरीवाल्यानंच सांगितलं होतं, यांची मुळं खोल जात नाहीत, बिनधास्त भिंतीला लागून लावा.

मे २०२३ मध्ये जुना तडा उघडला नाही. आम्ही खूश. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलमच्या मध्ये भिंत वर उचलली गेली होती. वरच्या कडेवर पातळी तपासायची पाण्याची नळी लावली तर मधला भाग पाऊण इंच उंच. आणि तिथं नवा तडा, वर रुंद आणि खाली बारीक.

याला कारणं तीन होती, आणि तिन्ही मीच घातलेली.

एक, झाडं होती तोवर ती वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी ओढत होती. ती अचानक गेली, ओढणारं कोणी उरलं नाही. सुकलेली माती हळूहळू पाणी परत घेत फुगत गेली. हे एका पावसाळ्यात संपत नाही, काही वर्षं चालतं. म्हणून भिंतीलगतचं मोठं झाड काढलं की प्रश्न मिटला असं धरून चालू नका. झाड घराच्या भिंतीजवळ असेल तर तोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा.

दोन, उथळ मुळं. इथंच सगळी गफलत आहे. उथळ मुळांचं झुडूप वरच्या फूटभर मातीत जगतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ती फूटभर माती दोन दिवसांत राख होते. म्हणजे त्याला रोज पाणी लागतं. रोज पाणी म्हणजे भिंतीच्या पायाशी रोज पाणी. आई सकाळी पाइप सोडायची आणि देवपूजा आटोपून येऊन बंद करायची. आईची पूजा छोटी नसते.

तीन, कुलर. हॉलचा कुलर त्याच बाजूला आहे. टाकी भरली की जादाचं पाणी एका पाइपमधून खाली पडतं, बरोबर दुसऱ्या कॉलमपाशी. मार्च ते जून, दिवसातून दोन-तीनदा. भिंतीचा एक तुकडा ओला, बाजूचा कोरडा. एक फुगतो, एक आकसतो. अशी ओढाताण कुठलीच वीट सहन करत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटेचा तो पाऊस आला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, सखल भागांत घरात पाणी शिरलं. आमच्याकडं पाणी फक्त अंगणात साचलं, पण आठवडाभर ओसरलं नाही आणि भिंत आणखी थोडी वर आली. तेव्हा मिस्त्रीचं ते जुनं वाक्य आठवलं.

तुमच्या भिंतीला नेमकं काय झालंय?

झुडपं निवडायच्या आधी हे पाहा, नाहीतर चुकीच्या रोगाला औषध द्याल.

तडा ऋतूबरोबर हालतो का, हे आधी ठरवा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एकेक फुली मारा, दोन फुल्यांमधलं अंतर पट्टीनं मोजा आणि बाजूलाच तारीख लिहा. पुन्हा ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरात, फेब्रुवारीत, मे मध्ये. उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात मिटत असेल तर माती. उलट वागत असेल, म्हणजे पावसाळ्यात उघडत असेल, तर पाणी एका जागी मुरतंय, ती जागा शोधा. वर्षभर एकाच दिशेनं वाढतच असेल तर झुडपांचा विषय बाजूला ठेवा आणि इंजिनिअर बोलवा.

तड्याच्या जागी जाड मूळ डोळ्यांना दिसतंय, भिंतीचा खालचा भाग तेवढाच बाहेर ढकललाय, असं असेल तर खरंच मुळाचा प्रश्न आहे. गुलमोहर, वड, पिंपळ, शोभेचा फायकस यांच्याकडून हे होतं. गुलमोहराची मुळं उथळच असतात बरं का, आणि मनगटाएवढी जाड होऊन फरशा उचलतात. म्हणजे नुसतं 'उथळ' म्हणून काही कळत नाही. उथळ आणि बारीक हवं. कोनोकार्पस नावाचं दाट हिरवं झाड मध्यंतरी लोकांनी कुंपणाला रांगेनं लावलं. पाइपलाइनींत मुळं घुसवण्याबद्दल ते इतकं बदनाम झालं की गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. फुकट मिळालं तरी घेऊ नका.

खालच्या दोन फुटांत रंगाला पोपडे आलेत, पांढरी भुकटी सुटतेय, बोट लावलं की गिलावा झडतो, तर तो लोणा आहे, ओलीतून भिंतीला फुटणारा खार. मुळांचा काही संबंध नाही. भिंतीवर पाणी उडतंय किंवा ओली माती भिंतीला टेकलीय. वाफा मागं सरकवा.

आणि भिंत सबंध एका बाजूला कलली असेल तर पलीकडं डोकावून बघा. नवीन बांधकामवाले प्लॉटमध्ये तीन-तीन फूट मुरूम भरतात आणि आपलं बिचारं कुंपण धरणाचं काम करायला लागतं. त्यात पाणी निघायला भोकं नसतात. हे शेजाऱ्याशी बोलून सोडवायचं काम आहे, झुडपांनी सुटणार नाही.

आधी पाणी, मग झाड

२०२४ च्या मे मध्ये आम्ही हे केलं. कुलरचा जादाचा पाइप लांबवून गेटजवळच्या कडुनिंबाच्या आळ्यात सोडला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम हेच, तीनशे रुपयांच्या आत झालं. मग भिंतीला लागून दोन फूट रुंदीची पट्टी नऊ इंच खोदली, काळी माती काढली, मुरूम भरून पाणी मारून धुमसानं ठोकला, वर जुन्या फरश्या. फरश्यांना भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार, दोन फुटांत एक इंच. मुरूम फुगत नाही, आकसत नाही, आणि फरशीमुळं पायाजवळची माती एकदम भिजतही नाही, एकदम सुकतही नाही. आपल्याला कोरडं नकोय आणि ओलंही नकोय; बारा महिने सारखं हवंय.

तडा मात्र लगेच भरला नाही. एक पावसाळा जाऊ दिला. मिस्त्रीला हे अजिबात पटलं नव्हतं. हिवाळ्यात, तडा ना फार उघडा ना फार मिटलेला असताना, त्या जागी भिंत वरून खालपर्यंत सरळ कापून घेतली, सांध्यात थर्माकोलची पट्टी आणि वर लवचीक सीलंट. भिंतीला हलायचंच असेल तर तिनं तिथं हलावं. सिमेंटनं घट्ट बुजवलं की ती दुसरीकडं फुटते, हे आम्ही चार वर्षं पैसे देऊन शिकलो होतो.

झुडपं: कोण टिकलं, कोण गेलं

आता मूळ मुद्दा. भिंतीजवळच्या झुडपाला माझ्या तीन अटी आहेत. मुळं बारीक, वाढ छातीच्या वर जाणारी नको, आणि एकदा रुजल्यावर मे महिन्यातही आठवड्यातून एका पाण्यावर जगलं पाहिजे. पहिल्या दोन अटींची यादी कुठलाही नर्सरीवाला देतो. तिसरी अट सांगितली की तो गप्प होतो.

एक्झोरा पहिल्या वर्षीच हरला. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी पाणी वाढवलं, आणखी पिवळी झाली. हा लोहाच्या कमतरतेचा रोग. काळ्या मातीत चुना असतो, ती अल्कधर्मी असते. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते. जमिनीत लोह असतं, पण त्याला घेता येत नाही. बोअरचं जड पाणी दिलं की भरच पडते. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी केली की दोन आठवडे चेहरा उजळतो, मग पुन्हा तेच. ज्याला दर महिन्याला सलाईन लावावं लागतं ते झुडूप कमी देखभालीचं कसं? कोकणातल्या पाहुण्यांकडचा एक्झोरा पाहून जीव टाकू नका, त्यांची माती लाल आहे. गार्डेनियाचीही तीच कथा. हौस असेल तर कुंडीत लावा.

जास्वंद आम्ही भिंतीजवळून काढला, पण घरातून काढणं शक्य नव्हतं, गणपतीला फुलं कुठून आणणार? तो आठ फुटांपर्यंत जातो, पाणी मागतो, आणि उन्हाळ्यात पिठ्या ढेकणांचं माहेरघर होतो. आता अंगणाच्या मध्यभागी आहे.

कोरांटी ही माझी पहिली पसंती, आणि ती कुठल्याच फॅशनेबल नर्सरीत दिसत नाही. पिवळी काटेरी कोरांटी विदर्भातल्या माळरानांवर आपोआप उगवते. जांभळी, पांढरी बिनकाट्याचीही मिळते. दिवाळीच्या आसपास फुलायला लागते आणि थंडीभर फुलत राहते. उन्हाळ्यात पानं गाळून काड्या होते, तेव्हा मेली समजून उपटू नका. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत हिरवी होते. आमच्या आईनं एक उपटली, म्हणून सांगतोय. पावसाळ्याच्या शेवटी कापलेली फांदी मातीत खोचली तरी लागते, त्यामुळं विकत घ्यायची गरजच नाही, कुणाच्या तरी गावाकडच्या घरी असतेच.

डबल तगर दुसरी. गर्द हिरवं, पांढरी फुलं बारा महिने थोडी थोडी, पूजेचा प्रश्न सुटला. छाटणी सोसते, तीन-साडेतीन फुटांवर ठेवता येते. छाटताना पांढरा चीक निघतो, डोळ्याला हात लावू नका. सोडून दिली तर सहा फूट होते, तेव्हा वर्षातून दोन छाटण्या धरून चाला, एक जूनमध्ये आणि एक होळीनंतर.

निळा प्लंबॅगो मला अपेक्षा नव्हती इतका चिवट निघाला. पश्चिमेचं ऊन, गरम भिंत, आठ दिवसांचं पाणी, तरी फुलं. बाजूनं थोडे फुटवे काढतो, ते खुरप्यानं काढले की झालं. रसेलियाही तसाच, कारंज्यासारख्या खाली लवणाऱ्या हिरव्या काड्या आणि त्यांवर लाल नळ्या. सकाळी सूर्यपक्षी त्यावर उलटे लटकून मध पितात. आमच्या बाबांचा पेपर या कार्यक्रमापायी हल्ली अर्धाच वाचून होतो.

अबोली टिकली, पण जागा बदलल्यावर. पूर्वेच्या भिंतीपाशी, जिथं दुपारी बारानंतर सावली येते, तिथं ती खूश आहे. पश्चिमेला लावली तर दुपारी दोनला अशी मान टाकते की बघवत नाही. मोगरा मला आवडतो, पण तो नेमका उन्हाळ्यात फुलतो आणि फुलताना पाणी मागतो, म्हणजे आपल्या तिसऱ्या अटीत बसत नाही. मोगऱ्याशिवाय नागपूरचा उन्हाळा काय कामाचा, हेही खरं. म्हणून तो भिंतीपासून पाच फुटांवर, वेगळ्या आळ्यात.

भिंतीच्या अगदी जवळ, फरशीच्या कडेला, कोरफड आणि गवती चहा. गवती चहाची मुळं जाळीदार, वरची माती धरून ठेवतात. दोन-तीन वर्षांनी बेट खणून वाटून टाकायचं, गल्लीत घ्यायला लोक असतातच. खाली रंग हवा असेल तर ऑफिस टाइम नावाचं जमिनीलगतचं फुलझाड पसरून द्या, काही करावं लागत नाही.

बोगनवेलीबद्दल मला खूप जण विचारतात. कोरड्यात तिच्यासारखी कोणी नाही. पण ती भिंतीवर चढवू नका. साडेचार इंची भिंतीवर तिचं ओझं, त्यात वळवाचं वादळ आलं की वेल शिडासारखी वारा धरते. छाटून झुडूप म्हणून वाढवा, भिंतीपासून चार फूट. मधुमालतीचंही हेच. कण्हेर चिवट, गाई-शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाबाहेर लोक लावतात, पण ती सगळीच्या सगळी विषारी आहे. लहान पोरं असलेल्या घरी मी लावणार नाही. सोनेरी ड्युरांटा दिसतो छान, पण महिन्याला कात्री मागतो आणि फळं विषारी. घाणेरी सुंदर फुलते म्हणून जंगलातून उचलून आणू नका, पक्षी बिया नेतात आणि ती हाताबाहेर जाते. कढीपत्ता भिंतीजवळ लावाल तर पाच वर्षांनी मुळांवरून फुटलेली पंधरा रोपं शेजाऱ्याकडं निघतील. ते तुमचे संबंध कसे आहेत त्यावर अवलंबून.

लावायचं कसं

अंतर भिंतीपासून अडीच फूट. नुसतं मुळांसाठी नाही. आमची पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री नऊलाही हाताला चटका देते. एक फुटावरच्या एक्झोराची भिंतीकडची पानं भाजून तपकिरी झाली होती, अंगणाकडची हिरवी. अडीच फुटांवर ही झळ कमी होते, आणि मागं जाऊन छाटायला, पिंपळाची रोपं काढायलाही जागा राहते.

खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत माती-खत भरायची जुनी सवय इथं सोडा. चिकण काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे हौद. पावसाळ्यात चारी बाजूंचं पाणी त्यात जमतं, बाहेर निघत नाही आणि मुळं कुजतात. खात्री करायची असेल तर फूटभर खड्डा पाण्यानं भरून रात्रभर ठेवा, सकाळी पाणी तसंच असेल तर समजा. आम्ही उलट केलं: जमिनीवर नऊ इंच उंच वाफा, त्यात निम्मी मूळची माती, पाव भाग बारीक मुरूम, पाव भाग कुजलेलं शेणखत, झाडामागं मूठभर निंबोळी पेंड. वाफ्याचा उतार अंगणाकडं.

लागवड मृगाच्या पहिल्या सरीला नको. पाऊस दडी मारतो आणि आठ दिवसांचं ऊन रोपांना जाळतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खाली ओली झाली की, म्हणजे साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात.

पाण्यासाठी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे मागच्या वर्षीचा माठ. दोन उन्हाळ्यांत त्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, पाणी गार होईनासं होतं, आणि अक्षय तृतीयेला घरात नवा येतो. जुना फेकू नका. काथ्यानं आणि थोड्या व्हिनेगरनं घासून घ्या, दोन झुडपांच्या मध्ये, भिंतीकडं नाही तर अंगणाकडच्या बाजूला, गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर बशी ठेवा, नाहीतर डास होतात. आठ-दहा लिटरचा माठ आमच्याकडं एप्रिलमध्ये चार-पाच दिवस पुरतो. मुळं पाण्याच्या मागं जातात, म्हणजे भिंतीपासून दूर जातात. पाइपचा हा प्रश्नच मिटला, कारण आईला आता सकाळी फक्त माठ भरायचे असतात.

वर तणसाचं चार बोटं जाड आच्छादन. भंडाऱ्याकडून धान आणणारा कोणी ओळखीचा असला की तणस सहज मिळतं. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, वाळवी त्याच वाटेनं भिंतीवर चढते. पहिली दोन वर्षं रोपं रुजेपर्यंत आठवड्याला दोन पाणी लागतात, तिसऱ्या वर्षापासून एक. याहून कमी कोणी सांगत असेल तर तो नागपूरचा नाही.

पिंपळाच्या रोपाचं तेवढं सांगून टाकतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि तड्यात रुजतं. चार पानांचं असताना, पावसात भिंत भिजलेली असताना मुळासकट उपटून निघतं. दोन वर्षं थांबलात तर मूळ भिंतीच्या पोटात जातं आणि वरून कापाल तितक्यांदा फुटतं. मग वीट काढल्याशिवाय इलाज नाही. पिंपळ काढायचा म्हणून घरातली वडीलधारी माणसं नाराज होत असतील तर रोप तोडू नका, कुंडीत लावून कुठल्या मंदिराच्या मोकळ्या आवारात विचारून लावा. आमचं एक असंच गेलंय.

गेल्या मे मध्ये फुल्यांमधलं अंतर मोजलं. आधीच्या फेब्रुवारीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त भरलं, सगळं त्या कापलेल्या सांध्यात. ऑगस्टमध्ये दोन मिलिमीटर परत. मिस्त्री दुसऱ्या कामावर चालला होता, गेटपाशी थांबून त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आता दिवाळीले बोलावणार नाही का मग?" रंगाचं काम दिलंय त्याला.